इम्प्लांटआधी औषधांची पिशवी टेबलावर ओता

"मावशी, काही औषधं चालू आहेत का?"

"नाही हो डॉक्टर. बीपीची एक गोळी, तेवढीच."

एक्स-रे बघून झाला, खर्च सांगून झाला, तारीखही ठरली. उठता उठता सून म्हणाली, "आई, ते सहा महिन्यांनी दंडात घेता ते इंजेक्शन सांगितलंत का?" मावशींना ते खरंच आठवलं नव्हतं. त्यांच्या लेखी औषध म्हणजे रोज सकाळी डबीतून काढून घ्यायची गोळी. सहा महिन्यांतून एकदा टोचतात ते औषध कसलं! पण आमच्या दृष्टीने त्या दिवशीच्या सगळ्या माहितीत तेवढंच एक वाक्य सर्वांत मोलाचं होतं. ठरलेली तारीख आम्ही त्याच क्षणी बदलली.

दातांचं इम्प्लांट पहिल्यांदाच करून घेणाऱ्यांसाठी आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या मुला-सुनांसाठी हा लेख आहे. "चालू औषध" या शब्दात जी औषधं बसत नाहीत, नेमकी तीच जबड्याच्या हाडावर सगळ्यात जास्त परिणाम करतात, हे मला सांगायचं आहे. आठवड्याची गोळी, वर्षाची सलाइन, मेडिकलमधून स्वतःच आणलेली गॅसची गोळी, गुडघेदुखीची पुडी, ही ती औषधं. यांपैकी काही लपवायचं नाही आणि काही मनानं बंदही करायचं नाही. या दोन चुका टाळल्या तरी बरंच काम सोपं होतं.

आधी हाड काय करतं ते बघू

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा छोटा स्क्रू. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२च्या सुमारास सशांच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवून रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. काम संपल्यावर उपकरण काढायला गेले तर निघेना, हाड त्याला घट्ट चिकटलं होतं. १९६५मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. त्या रुग्णाने पुढे चाळीसहून अधिक वर्षं ते दात वापरले.

आमच्याकडे "इम्प्लांट धरलं" असं म्हणतात, रोप धरावं तसं. बसवल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो लाकडात पिळलेल्या स्क्रूसारखा, नुसत्या दाबामुळे. मग शरीर कामाला लागतं. आजूबाजूचं दुखावलेलं हाड आधी पोखरून काढलं जातं आणि मग त्या जागी नवं हाड बांधलं जातं. पोखरणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. भिंतीचा जुना गिलावा खरवडल्याशिवाय नवा धरत नाही, तसंच हे. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जुनं गेलेलं असतं आणि नवं अजून कच्चं असतं. इम्प्लांटचा सर्वांत नाजूक काळ तो. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्या जबड्यात, तिथलं हाड भुसभुशीत असल्यामुळे, चार ते सहा महिने थांबून मग वर दात बसवायची जुनी रीत आहे. आता बऱ्याच ठिकाणी लवकरही बसवतात.

औषधं या कामात चार ठिकाणी लुडबुड करतात. काही पोखरणाऱ्या पेशींना थांबवतात, काही बांधणाऱ्या पेशींना मंद करतात, काही कॅल्शियमचा पुरवठा तोडतात, तर काही जंतूंना मोकळं रान देतात. पुढची नावं वाचताना आपली गोळी यांपैकी कुठे बसते ते बघत चला.

पहिली पायरी: पिशवी ओता

तपासणीला जाण्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा. गोळ्या काढून आणू नका, पाकिटंच आणा, कारण खरं नाव पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. समोरचं कंपनीचं नाव आमच्या फारसं कामाचं नाही, एकाच औषधाची डझनांनी नावं बाजारात आहेत. फ्रीजचं दारही उघडून बघा. रोज टोचायची पेनं आणि इन्सुलिन तिथेच राहून जातात.

मग एका कागदावर या प्रश्नांची उत्तरं लिहा.

गेल्या दहा वर्षांत हाडं ठिसूळ झाली म्हणून काही गोळी किंवा इंजेक्शन घेतलंय का? शेवटचं कोणत्या तारखेला? कधी कॅन्सरचा उपचार झालाय का, आणि त्यात हाडांसाठी सलाइन दिली होती का? चेहऱ्याला किंवा मानेला रेडिएशन दिलंय का? आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदाच घ्यायची एखादी गोळी आहे का? दम्याचा पंप, त्वचेचं मलम, सांध्यांची पुडी? मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून रोज काय घेता? मिश्री लावता का?

मिश्री औषध नाही, हे मला ठाऊक आहे. पण गावाकडच्या कितीतरी बायका ती दातांचं औषध म्हणूनच लावतात, आणि "तंबाखू खाता का" असं विचारलं की मनापासून "नाही" म्हणतात. भाजलेली तंबाखूच ती. हिरडीवर रोज घासली तर जखमेच्या जागीच निकोटिन मुरतं आणि रक्तपुरवठा आखडतो. म्हणून मी तो प्रश्न औषधांच्याच यादीत ठेवलाय.

दुसरी पायरी: हाडांची औषधं शोधा

या पायरीवर जरा जास्त वेळ थांबा.

अ‍ॅलेन्ड्रोनेट (बहुधा ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा), रायसेड्रोनेट (३५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा), आयबॅन्ड्रोनेट (१५० मिलिग्रॅम, महिन्यातून एकदा) आणि झोलेड्रोनिक अ‍ॅसिड (५ मिलिग्रॅमची सलाइन, वर्षातून एकदा). ही सगळी एकाच घराण्यातली, बिस्फॉस्फोनेट. ओळखायची सोपी खूण सांगतो: सकाळी उपाशीपोटी भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, असं बजावून दिलेली गोळी असेल तर ती बहुधा यांतलीच.

ही औषधं पोखरणाऱ्या पेशींना थोपवतात. पाठीच्या मणक्यांसाठी आणि खुब्यासाठी हे वरदानच आहे, फ्रॅक्चर टळतं. पण जबडा चावण्याने रोज झिजतो आणि रोज दुरुस्त होतो, तिथे पोखरण बंद झाली की दुरुस्तीही अडते. क्वचित दात काढल्यावर किंवा इम्प्लांटनंतर हिरडी भरूनच येत नाही आणि खालचं हाड उघडं पडतं. २००३मध्ये मायामीचे सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी अशा ३६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हापासून जगभरचे दंतवैद्य हा प्रश्न विचारू लागले. उघडं हाड आठ आठवड्यांहून जास्त टिकलं, असं औषध घेतल्याचा इतिहास असला आणि जबड्याला रेडिएशन दिलेलं नसलं, तर तो हाच आजार असं मानतात.

आता घाबरण्याआधी आकडे बघा. अमेरिकेतल्या तोंड-जबडा सर्जनांच्या संघटनेने २०२२मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, हाडांच्या ठिसूळपणासाठी बिस्फॉस्फोनेट घेणाऱ्या दहा हजार लोकांत साधारण २ ते ५ जणांना हा त्रास होतो. इतक्या कमी धोक्यासाठी हाडांची गोळी नाकारणं मला अजिबात पटत नाही, खुबा मोडला तर होणारं नुकसान त्याहून कितीतरी मोठं असतं. कॅन्सरसाठी दर तीन-चार आठवड्यांनी ४ मिलिग्रॅम झोलेड्रोनिक अ‍ॅसिड मिळतं, तिथे चित्र वेगळं असतं. तिथे हा धोका शंभरात ५ पर्यंत जातो. अशा रुग्णाला मी इम्प्लांट सुचवत नाही. ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेले दात) किंवा कवळीचा विचार करू, आणि कवळीही टोचणार नाही अशी नीट बसवून घेऊ, कारण कवळीने पडलेल्या जखमेतूनही हाड उघडं पडू शकतं.

स्तनांच्या कॅन्सरनंतर लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल घेणाऱ्या भगिनींनी इथे नीट लक्ष द्या. या गोळ्यांनी हाडं झिजतात, म्हणून पुष्कळदा सोबत दर सहा महिन्यांनी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची सलाइन देतात. "किमो कधीच संपली" म्हणून ती सलाइन सांगायची राहून जाते. फाइल घेऊनच या.

ठिसूळपणासाठी गोळी घेणाऱ्यांना इम्प्लांट करता येतं का? बहुतेकांना येतं. गोळी चार वर्षांहून जास्त काळ चालू असेल, सोबत स्टेरॉइड असेल, मधुमेह आटोक्यात नसेल किंवा हिरड्यांत पू असेल तर जपून पावलं टाकावी लागतात. गोळी दोन महिने थांबवावी का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. हे औषध हाडातच जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथे राहतं, त्यामुळे आठवडाभर बंद ठेवून काही हाती लागत नाही. थांबवायचं झालंच तर ते औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावं. अनेक लॅबमध्ये सीटीएक्स नावाची रक्ततपासणी होते, तीवरून धोका ओळखता येतो असं सांगतात. तिच्यावर विसंबून निर्णय घेऊ नये, असं माझं मत आहे, आणि तज्ज्ञांच्या संघटनाही तिची शिफारस करत नाहीत.

आता मावशींचं इंजेक्शन. ते डेनोसुमॅब, ६० मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी दंडात, पोटावर किंवा मांडीवर. कामाचा परिणाम बिस्फॉस्फोनेटसारखाच, पण एक फरक फार महत्त्वाचा: हे हाडात साठत नाही. सहा महिन्यांनी असर ओसरतो. आणि पुढचा डोस लांबला तर हाड एकदम वेगाने झिजू लागतं, मणक्यांची एकापाठोपाठ एक फ्रॅक्चर झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून "इम्प्लांट करायचंय, इंजेक्शन पुढे ढकलू" हा विचार सर्वांत धोक्याचा. त्याऐवजी तारीख साधायची. इंजेक्शन १ जानेवारीला घेतलं असेल तर शस्त्रक्रिया एप्रिलमध्ये करावी, तेव्हा असर उतरणीला लागलेला असतो. पुढचं इंजेक्शन ठरल्याप्रमाणे १ जुलैला घ्यावं. मधल्या दोन महिन्यांत हिरडी भरून येते. मावशींच्या बाबतीत आम्ही हेच केलं.

टेरिपॅराटाइड हे रोज पोटावर किंवा मांडीवर टोचायचं पेन आहे आणि ते उलट्या बाजूने काम करतं, बांधणाऱ्या पेशींना चालना देतं. ते चालू असेल तर काळजी कमी. पण ते दीड-दोन वर्षांत संपतं, आणि नंतर बहुधा बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब सुरू करतात. म्हणून हाडांच्या डॉक्टरांना विचारा: "यानंतर काय देणार आहात, आणि कधी?" इम्प्लांट करायचंच असेल तर ते दुसरं औषध सुरू होण्याआधीचा काळ सोयीचा.

या सगळ्यांतून निघणारी एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. हाडांचं औषध अजून सुरू व्हायचं असेल तर आधी दात दाखवून घ्या. काढायचे दात काढून टाका, हिरड्या साफ करा, जखमा भरू द्या, मग पहिला डोस घ्या.

तिसरी पायरी: ज्या गोळ्यांना आपण गोळ्याच समजत नाही

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, एसोमेप्राझोल, म्हणजेच गॅसची गोळी. चहाआधी एक टाकायची, हे अनेक घरांत देवाला दिवा लावण्याइतकं नित्याचं झालंय. पोटातलं आम्ल कमी झालं की कॅल्शियम कार्बोनेट नीट विरघळत नाही आणि अंगी लागत नाही. दीर्घकाळ घेणाऱ्यांत फ्रॅक्चरचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१०मध्ये दिला होता. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७मध्ये इम्प्लांटच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा ही गोळी घेणाऱ्यांची ६.८ टक्के इम्प्लांट फसली होती आणि न घेणाऱ्यांची ३.२ टक्के. हा अभ्यास जुन्या नोंदींवरचा आहे, त्यामुळे सगळा दोष गोळीचाच असं म्हणता येत नाही. पण चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षं घेणाऱ्याने फॅमिली डॉक्टरांना "ही मला खरंच लागते का?" एवढं तरी विचारावं.

काहींना ती लागतेच. हृदयात स्टेंट असून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांना पोटातला रक्तस्राव टाळण्यासाठी ती दिलेली असते, त्यांनी हात लावू नये. ज्यांची चालूच राहणार आहे त्यांनी कॅल्शियम कार्बोनेटऐवजी कॅल्शियम सायट्रेट मागावं, त्याला आम्लाची गरज लागत नाही. आणि शस्त्रक्रियेनंतर पेनकिलरसोबत पाच दिवस दिलेल्या गॅसच्या गोळीची चिंता नको. प्रश्न आहे तो महिनोन्‌महिने घेतलेल्या गोळीचा.

दुसरी न सांगितली जाणारी गोळी मनाची. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन, पॅरोक्सेटीन. लोक ही सांगायला लाजतात, विशेषतः सासर-माहेरचं कुणी शेजारी बसलं असेल तर. त्याच विद्यापीठाच्या २०१४च्या पाहणीत ही औषधं घेणाऱ्यांची १०.६ टक्के इम्प्लांट फसली, न घेणाऱ्यांची ४.६ टक्के. या गोळ्या मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करतात, आणि हाडांच्या पेशीही त्या रसायनाला प्रतिसाद देतात, त्यामुळे बांधणीवर परिणाम होतो असं मानतात. शिवाय या गोळ्यांनी काहींना झोपेत दात खाण्याची सवय लागते, आणि नव्या इम्प्लांटवर तो भार पडतो. तरीही माझं सांगणं स्पष्ट आहे: ही गोळी इम्प्लांटसाठी बंद करायची नाही. मन सांभाळणं दाढेपेक्षा महत्त्वाचं आहे. आम्हाला फक्त कळवा. आम्ही दात बसवायला थोडं जास्त थांबू, रात्री घालायचा गार्ड देऊ. सगळ्यांसमोर सांगायचं नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या.

तिसरी, पेनकिलर. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसेक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब. शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ न देता या गोळ्या सूज आणि दुखणं कमी करतात, पण हाड बांधायला सुरुवातीला त्याच प्रोस्टाग्लँडिनची गरज असते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत जास्त दिवस दिल्यावर हाड भरायला उशीर झाला. माणसांत तीन ते पाच दिवस घेतल्याने इम्प्लांटचं नुकसान झाल्याचा ठोस पुरावा नाही. तेव्हा पहिले दोन-तीन दिवस दिलेली गोळी बिनधास्त घ्या आणि नंतर पॅरासिटामॉलवर या. धोका आहे तो गुडघ्यांसाठी रोज अ‍ॅसेक्लोफेनॅक घेणाऱ्यांना. पहिले दोन महिने दुसरा काही उपाय करता येईल का, ते हाडांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

चौथी पायरी: स्टेरॉइड आणि बाकीची मंडळी

प्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकोर्ट, मिथाइलप्रेडनिसोलोन. दमा, संधिवात, त्वचेचे आजार, मूत्रपिंड, अशा कितीतरी कारणांनी ही चालू असतात. बांधणाऱ्या पेशी कमी होतात, जखम हळू भरते, जंतूंना वाव मिळतो. तरी इम्प्लांट अशक्य होत नाही. थांबायची मुदत वाढते आणि देखरेख वाढते, एवढंच. कित्येक महिने घेत असलेली गोळी एकदम बंद करणं मात्र जिवावर बेतू शकतं, कारण तोपर्यंत शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळचा डोस चुकवू नका. वाढवायचा का, ते तुमचे डॉक्टर सांगतील.

आणि पुड्या. "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही" म्हणून दिलेल्या, वर ना नाव ना घटक असलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळल्याची प्रकरणं आपल्या देशात वारंवार उघडकीला आली आहेत. दोन दिवसांत चमत्कारासारखा आराम, मग चेहरा गोल होणं, साखर वाढणं, ही लक्षणं ओळखा. आयुर्वेदावर माझा राग नाही. बिननावाच्या पुडीवर आहे.

मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर विषबाधा होते. थोड्या डोसने इम्प्लांटला सहसा अडथळा येत नाही, पण अमॉक्सिसिलिन आणि पेनकिलर यांच्यासोबत रक्तातलं तिचं प्रमाण वाढू शकतं. म्हणून आम्हाला ती कळायलाच हवी.

मधुमेहात गोळीपेक्षा साखर मोठी. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७च्या आसपास असेल तर मी निर्धास्त असतो, ८च्या वर असेल तर आधी तीन महिने साखरेवर काम करा म्हणून सांगतो. मेटफॉर्मिनने हाडाचं वाईट होत नाही. पायोग्लिटाझोनचं तसं नाही, ते दीर्घकाळ घेतल्यास हाड विरळ होतं, विशेषतः बायकांमध्ये फ्रॅक्चर वाढतात. आपल्याकडे ते तीन औषधांच्या एकत्र गोळीत दडलेलं असतं, तेव्हा पाकिटाच्या मागे बघा.

फिट्सच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटल या गोळ्या ड जीवनसत्त्व लवकर मोडून टाकतात, शिवाय फेनिटॉइनने हिरड्या फुगतात. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपीननेही काहींच्या हिरड्या फुगतात आणि इम्प्लांटभोवती साफसफाई अवघड होते. बाकी बीपीच्या औषधांबद्दल बातमी चांगली आहे, २०१६च्या मॅकगिलच्याच पाहणीत ती घेणाऱ्यांची इम्प्लांट उलट जास्त टिकली होती. थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त झाला तर हाड झिजतं, म्हणून वर्षाच्या आतला टीएसएचचा, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट सोबत ठेवा.

पाचवी पायरी: रक्त पातळ करणारी गोळी

हाडाशी हिचा संबंध कमी, रक्तस्रावाशी जास्त. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅसिनोकूमरॉल, वॉरफेरिन, अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन. शेजाऱ्याने सांगितलं म्हणून पाच दिवस आधी बंद करून आलेले रुग्ण मी पाहिले आहेत आणि दरवेळी पोटात गोळा आला आहे. एक-दोन इम्प्लांटचं रक्त आम्ही टाके, स्पंज आणि ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडने थांबवू शकतो, पण बंद पडलेला स्टेंट आम्हाला उघडता येत नाही. अ‍ॅसिनोकूमरॉल किंवा वॉरफेरिन असेल तर एक-दोन दिवस आधी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) करून घ्या, ३.५च्या आत असेल तर छोटं काम बहुधा होतं. अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन या नव्या गोळ्यांचा सकाळचा डोस पुढे-मागे करायचा का, ते हृदयाच्या डॉक्टरांकडून लेखी आणा. आणि अ‍ॅसिनोकूमरॉल किंवा वॉरफेरिनसोबत कुणी मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर तिथेच थांबवा, आयएनआर झपाट्याने चढतो.

सहावी पायरी: मदत करणारी औषधं नीट घ्या

ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या. २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर आधी भरून काढू. ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे, दुधासोबत किंवा जेवणानंतर. काही जण ती रोज घेतात, त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, गोंधळ, मूत्रपिंडाला इजा असं सगळं होतं. कॅल्शियमची गोळी आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचं अंतर हवं. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या वेळीही कॅल्शियम आणि दूध टाळा.

अँटिबायोटिकबाबत लोकांची समजूत अशी की जितके दिवस तितकं चांगलं. अ‍ॅलर्जी नसेल तर शस्त्रक्रियेच्या तासभर आधी २ ग्रॅम अमॉक्सिसिलिनचा एकच डोस सुरुवातीला फसणाऱ्या इम्प्लांटची संख्या कमी करतो, हे अनेक चाचण्या एकत्र करून दिसलं आहे. निरोगी माणसाच्या साध्या कामाला पुढे सात दिवस गोळ्या लागतातच असं नाही. हाडाची भर घातली असेल तर गोष्ट वेगळी.

परदेशात राहणाऱ्या मंडळींसाठी एक सूचना. दुबईहून, न्यू जर्सीहून दिवाळीच्या सुट्टीत येऊन पुण्या-मुंबईत इम्प्लांट करून जाणारे बरेच असतात. तुमच्या इंजेक्शनची नोंद तिकडच्या दवाखान्यात असते, आमच्याकडे नसते. विमानात बसण्याआधी औषधांची छापील यादी आणि शेवटच्या डोसची तारीख मागून घ्या. आणि दोन आठवड्यांच्या सुट्टीत सगळं उरकायचा हट्ट, वरच्या यादीतलं एखादं औषध असेल तर, सोडा.

सातवी पायरी: नंतर काय बघायचं

पहिले दोन-तीन दिवस सूज आणि दुखणं असतंच, तिसऱ्या दिवसानंतर ते उतरायला हवं. उतरून पुन्हा चढलं, पू आला, घाण वास आला, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्क्रू हलतोय असं वाटलं, तर फोन करून लगेच या. खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर राहिली तरी सांगा. मधल्या काळात कुठल्याही डॉक्टरने नवं औषध सुरू केलं तर तेही कळवा. विशेषतः पडून हात मोडला आणि हाडांच्या डॉक्टरांनी "वर्षाची सलाइन" सुचवली, तर "तोंडात ताजं इम्प्लांट आहे" हे वाक्य तिथे आठवणीने बोला.

हाडांचं औषध घेणाऱ्यांनी इम्प्लांटला दहा वर्षं झाली तरी दर सहा महिन्यांनी दाखवावं, कारण बसलेल्या इम्प्लांटभोवतीही हाड उशिरा उघडं पडल्याच्या नोंदी आहेत. जिभेला हिरडीत काही टोकदार, खरखरीत, पिवळट-पांढरं लागलं आणि ते दोन आठवड्यांत झाकलं गेलं नाही, तर खाजगी दवाखान्यात चकरा मारण्यापेक्षा तोंड-जबडा शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग असलेलं ठिकाण गाठा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे हे विभाग आहेत. जाताना तीच पिशवी सोबत न्या, पाकिटांसकट, आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहिलेला कागद वरच ठेवा.